इल ओ बेनितिएची खासगी बोट: १४ हजार कशाचे आणि कशाचे नाहीत

आधी पैशांचं सांगते, कारण परत आल्यापासून जो तो तेच विचारतोय. मॉरिशसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत इल ओ बेनितिए नावाचं छोटं बेट आहे. तिथे जायला आम्ही अख्खी बोट घेतली, सकाळी आठ ते दुपारी तीन, १४ हजार मॉरिशियन रुपये. आपले साधारण साडेसव्वीस हजार. त्यात डॉल्फिन, क्रिस्टल रॉक, बेटावर जेवण आणि ल मोर्न डोंगरासमोरपर्यंतची चक्कर. माणसं सहा: मी, हे, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि नागपूरच्या आमच्या विहीणबाई.

बोट आठ जणांची, म्हणजे आणखी दोघं असते तरी पैसे तेवढेच. ह्याच बेटावर कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या मोठ्या बोटी, जातात, तीस-चाळीस माणसं घेऊन. त्यांचा आम्हाला सांगितलेला भाव माणशी दोन हजार, जेवणासकट. सहा जणांचे बारा. म्हणजे फरक दोन हजारांचा. मुलाने हे गणित एक्सेलमध्ये मांडून दाखवलं, मी बोटांवर केलं, उत्तर एकच आलं. दोघंच जाणार असाल तर मात्र खासगी बोट म्हणजे नुसती हौस.

ह्या पैशांत मिळतं काय, तर सात तास आणि त्या सात तासांचं घड्याळ आपल्या हातात. बाकी जाहिरातीच्या कागदावर जे जे छापलंय त्यातलं निम्मं मिळत नाही, आणि काही मिळाल्यावर नकोसं होतं.

एजंट वेगळा आणि बोटवाला वेगळा, हे आधी समजून घ्या. आम्हाला ते धक्क्यावर समजलं. आम्ही फ्लिक आं फ्लाकला घर भाड्याने घेऊन राहिलो होतो. तिथे किनाऱ्यावर टेबल टाकून बसलेल्या एकाकडे मुलाने पूर्ण पैसे भरले. नाव लिहीत नाही. असे दहा टेबलवाले तिथे आहेत आणि कागद सगळ्यांकडे सारखाच. त्या कागदावर सगळ्यात मोठा फोटो समुद्राच्या आत कोसळणाऱ्या धबधब्याचा. हो, पाण्याखाली धबधबा. ल मोर्नच्या टोकाशी वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल पाण्याकडे ओढले जातात, त्यामुळे वरून बघताना पाणीच खाली कोसळतंय असा भास होतो. हे 'वरून' महत्त्वाचं. हेलिकॉप्टरमधून दिसतं. बोटीत बसून दिसतं ते निळं पाणी, आणि ते तर फ्लिक आं फ्लाकच्या गच्चीतूनही दिसतं. नात दोन दिवस त्या धबधब्याची वाट बघत होती. कागदावर तो फोटो असेल तर टेबलवाल्याला तिथेच विचारा, 'हे बोटीतून दिसतं का?' आणि त्याच्या डोळ्यांकडे बघा.

दुसरं पेट्रोलचं. धक्क्यावर एजंटचा माणूस आला आणि म्हणाला, डॉल्फिन उत्तरेला तामारींच्या बाजूला, बेट दक्षिणेला, दोन्हीकडे जायचं तर पेट्रोलचे दीड हजार वर. हे कागदावर कुठेही नव्हतं. मुलगा वाद घालायला लागला, पण नात तोवर बोटीत जाऊन बसली होती आणि त्या माणसाला ते दिसत होतं. दिले दीड हजार. पुढे दुपारी तांडेलाने सांगितलं, त्यातला एक पैसा त्याला मिळत नाही.

तांडेल मी म्हणते. ते लोक 'स्किपर' म्हणतात. मी हर्णैची. वडिलांचा मचवा होता. मासेमारी तर होतीच, शिवाय पाहुणे आले की सुवर्णदुर्गाला नेणं-आणणं असायचं. चाळीस वर्षं डोंबिवलीत राहून, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तरी बोट दिसली की माझी नजर आपोआप तीन ठिकाणी जाते. तळाशी पाणी किती साचलंय, नांगराची दोरी कशी ठेवलीय आणि चालवणाऱ्याच्या पायात काय आहे. रिव्हिएर न्वारच्या धक्क्याला लागलेली आमची बोट फायबरची, पांढरी, वर कापडी छत, मागे दोन इंजिनं. तळ कोरडा. दोरी गोल वेटोळी करून नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, ठेवलेली, वर काही ठेवलेलं नाही. आणि तांडेल अनवाणी. मी ह्यांना म्हटलं, 'बसा निवांत.' लाइफ जॅकेटं नवी होती, लहान मुलीच्या मापाचंही एक निघालं. खलाशाने ते नातीला स्वतः घालून, पट्टा ओढून, खांद्याला धरून वर उचलून बघितलं, की मूल जॅकेटातून खाली निसटतंय का. हे सगळे करत नाहीत.

विहीणबाईंना पाण्याचं भय. अंबाझरीच्या पलीकडे मोठं पाणी त्यांनी आयुष्यात जवळून बघितलेलं नाही. त्या बोटीच्या मधोमध बसल्या, दोन्ही हातांनी बाक धरून. 'ताई, हा समुद्र वाटतच नाही,' मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. मॉरिशसला बहुतेक सगळ्या बाजूंनी प्रवाळाचं कुंपण आहे. लाटा दूर तिथे फुटतात, पांढरी रेघ दिसते, आणि रेघेच्या अलीकडे नुसतं तळं. कमरेइतकं, कुठे छातीइतकं पाणी. आमच्या हर्णैला समुद्र थेट अंगावर येतो, बंदरात बोट लागत नाही, मासळी छोट्या होड्यांतून नि बैलगाडीतून काढावी लागते. इथे भरती-ओहोटीतही फरक जेमतेम हातभराचा. तांडेलाला आमच्याकडचं उधाण हाताने दाखवलं, अमावास्येला पाणी इथून तिथपर्यंत चढतं म्हणून, तेव्हा तो हसला. त्याला वाटलं मी वाढवून सांगतेय.

डॉल्फिनसाठी मात्र कुंपणातल्या वाटेने बाहेर जावं लागतं. ती वाट ओलांडताना बोट दोनदा आपटली आणि विहीणबाईंनी जोराने 'गजानन महाराज' म्हटलं. बाहेर तामारींच्या उपसागरात आठ वाजून वीस मिनिटांनी मी मोजल्या तेव्हा सतरा बोटी होत्या. डॉल्फिन दिसले का? दिसले. पंधरा-वीसांचा कळप, पाठी चमकत होत्या, एक पिल्लू आईला चिकटून. मग एका बोटीने इंजिन वाढवलं, तिच्यामागे बाकीच्या, आणि पोहणारे लोक धपाधप पाण्यात उड्या मारायला लागले. कळप बुडाला की बोटी थांबायच्या, पुढे वर आला की पुन्हा शर्यत.

आमच्या तांडेलाने इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि बाजूला थांबला. मोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं ते असं: हे डॉल्फिन रात्रभर बाहेर खोल पाण्यात शिकार करतात आणि सकाळी किनाऱ्याजवळ उथळ, शांत पाण्यात विश्रांतीला येतात.

'म्हणजे आपण झोपमोड करायला आलो होय?' विहीणबाई म्हणाल्या. बाक सोडून पहिल्यांदा त्यांनी एक हात वर केला होता.

मी तांडेलाला म्हटलं, चल. मुलाचा जीव थोडा खालीवर झाला, पेट्रोलचे दीड हजार ह्याच दिशेचे होते. पण इथेच खासगी बोटीचा उपयोग कळला. कॅटामरानवाल्यांना तिथे पाऊण तास थांबावंच लागतं, कारण तीस लोकांनी डॉल्फिनचे पैसे भरलेले असतात. आम्ही बारा मिनिटांत निघालो. ला प्रनूजचा बुरूज डाव्या हाताला ठेवून पुन्हा कुंपणाच्या आत आलो. तो बुरूज ब्रिटिशांनी १८३०च्या दशकात बांधला, बुटका, जाड, आपल्याकडच्या धान्याच्या कणगीसारखा. त्याच्यासाठी थांबू नका.

क्रिस्टल रॉक म्हणजे खाजणात मधेच उभा असलेला प्रवाळाचा खडक, खाली पाण्याने झिजलेला, वर रुंद, अळंबीसारखा. फोटो काढायचा, दहा मिनिटं पुरेत. वर चढायला तांडेलाने दिलं नाही. बरोबर केलं.

आता नांगराचं सांगते, कारण ते मला बेटापेक्षा जास्त आवडलं. खडकाच्या थोडं पुढे मुलांना काचेचा चष्मा लावून पाण्यात डोकं घालायचं होतं. तांडेल बोट अगदी हळू घेऊन उभा राहिला. उभा राहून पाण्याचा रंग बघत होता. तपकिरी डाग आला की पुढे, हिरवट आला की पुढे. फिकट निळा, जवळजवळ दुधी पट्टा आला तेव्हा त्याने खलाशाला खूण केली. खलाशाने नांगर फेकला नाही. दोन्ही हातांनी धरून, वाकून, दोरी बोटांतून सोडत सोडत तळाला टेकवला. पाणी इतकं स्वच्छ की नांगराचा दात वाळूत रुतताना मला वरून दिसला. थोडी वाळू उडाली, बसली. मग त्याने दोरीला दोन झटके देऊन बघितलं. तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. नांगर त्यात पडला तर वर्षानुवर्षं वाढलेलं एका घावात तुटतं. शेजारच्या एका बोटीने लांबून धाडकन टाकला. आमच्या खलाशाने तिकडे बघून क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी म्हटलं, भाषांतर विचारलं नाही.

ह्या खलाशाचं आणखी थोडं. वय बावीस-तेवीस. आमचं बोलणं ऐकून तो मधेच थबकला आणि मला म्हणाला, 'मी मराठी.' हे दोन शब्द इतके स्वच्छ होते की मी भडाभडा बोलायला लागले, आणि त्याचा चेहरा कोरा झाला. मॉरिशसमध्ये 'मराठी' ही ओळख आहे, घरची भाषा नाही. घरात क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. शाळेत मात्र मराठी विषय असतो आणि तो त्याने घेतला होता. त्याला 'सुखकर्ता दुखहर्ता' अख्खी पाठ, एकही ओळ न गाळता. पण 'होडी' शब्द माहीत नव्हता. होडीला ते 'पिरोग' म्हणतात. मी 'होडी' शिकवला, 'नांगर' शिकवला, 'वल्हं' त्याच्या जिभेवर बसेना. नातीने पाच मिनिटांत त्याच्याकडून क्रिओलचे दहा शब्द घेतले, तेव्हा बरोबरी झाली.

आडनाव त्याच्या पणजोबांचं नाव आहे, शेवटी 'जी' लावलेलं. तिथल्या बऱ्याच मराठी घरांत असंच आहे, कारण मजूर म्हणून आलेल्या माणसाचं जे नाव कागदावर चढलं तेच पुढे आडनाव झालं. गणपतीच्या दिवशी बोट चालवणार नाही म्हणाला. त्या दिवशी तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

बेटावर पोचलो साडेदहाला. कॅटामरान अकरा-साडेअकराला येतात. तो पाऊण तास, खरं सांगते, १४ हजारांतले दहा हजार मी त्या पाऊण तासाचे धरते. किनाऱ्यावर आमच्याशिवाय दोनच बोटी. पांढरी वाळू, आत नारळ, आणि कडेने सुरूची झाडं. सुरू! सगळे तोंड भरून 'वाव' करत होते आणि मला दापोलीच्या कर्दे किनाऱ्यावर आल्यासारखं वाटलं. मॉरिशसमध्ये सुरूला 'फिलाओ' म्हणतात. खाली तशीच सुयांची गादी, तसाच वाऱ्याचा सूं आवाज. बेटाचं नाव एका मोठ्या शिंपल्यावरून आहे. त्याच्या शिंपा चर्चमध्ये पवित्र पाणी ठेवायला वापरत, त्या भांड्याला फ्रेंचमध्ये 'बेनितिए' म्हणतात. शिंपले आम्हाला दिसले नाहीत. कोणी विकायला आणले तर घेऊ नका.

बोट वाळूला लागत नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. मागच्या बाजूला शिडी आहे पण तिच्या पायऱ्या गोल नळीच्या, तळव्याला टोचतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खलाशाचा हात धरावा, लाजू नये. विहीणबाई उतरल्या. उतरल्या आणि तिथेच थांबल्या, पाण्यात, पायांकडे बघत. नखांवरचा रंग दिसत होता त्यांना. जेवायला हाक मारेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

पाण्यात जाताना रबरी बूट घाला. हे मी हट्टाने डोंबिवलीहून नेले होते, १८० रुपयांचे, रस्त्यावरचे, आणि ह्यांनी विमानतळापर्यंत त्यावरून थट्टा केली. तिथे दगडासारखा दिसणारा एक मासा असतो, स्थानिक नाव 'लाफ', त्याच्या पाठीच्या काट्यांत जबर विष असतं. वाळूत अर्धा गाडून पडलेला असतो. तांडेलाने पहिली सूचना तीच दिली, आणि ह्यांनी निमूटपणे बूट मागितले. त्यांच्या मापाचे आणलेच नव्हते.

ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो हे लक्षात ठेवा. पाणी गार लागतं. आपल्यासारखं कोमट नाही. नात ओठ निळे होईपर्यंत बाहेर आली नाही, पण आम्हा मोठ्यांना वीस मिनिटं पुरे झाली. त्या दिवसांत आग्नेयेकडून वारा सुटलेला असतो. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला म्हणून शांत. पूर्वेकडच्या बेटांसाठी हाच महिना निवडला असता तर विहीणबाईंचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

आणि शौचालय. ह्यावर कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. अशा स्पीडबोटीत शौचालय नसतं. बेटावर आम्ही होतो त्या भागातही नव्हतं. सात तास. आम्ही दोघी साठीपुढच्या बायका सकाळी चहा न पिता निघालो होतो, कोणी सांगितलं म्हणून नाही, आयुष्यभराच्या एसटीच्या सवयीने. कॅटामरानमध्ये ही सोय असते. मधुमेह असेल, लहान मूल असेल, तर हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे. टेबलवाल्याने हे स्वतःहून सांगायला हवं होतं.

जेवणाला मी पाचपैकी दोन देईन, आणि दुसरा गुण माशाला. कोळशावर जाळी ठेवून भाजलेला मासा, कोंबडी, सॉसेज, पाव, कोबीचं सॅलड. मासा सकाळचा होता, डोळ्यांवरून कळत होतं. पण इतका शेकला की पाठीकडचं लाकूड झालं होतं. मीठ, लिंबू, थोडी मिरपूड, संपलं. आमच्याकडे त्याला हळद-तिखट-आगळ लावून पाच मिनिटांत उतरवला असता. मुलगा-सून आवडीने खात होते, म्हणून मी बोलले नाही. इथे बोलते.

खरा घोळ ह्यांचा. श्रावण. हे एरवी पापलेटाशिवाय जेवत नाहीत, पण श्रावण कडक. एजंटने कागदावर पेनाने लिहून दिलं होतं, 'एक व्हेज, ओके'. ते ओके म्हणजे उकडलेला बटाटा, पाव, आणि तेच कोबीचं सॅलड ज्यात मेयोनेज. मेयोनेजमध्ये अंडं. ह्यांनी बटाटा खाल्ला.

वाचवलं दालपुरीने. सकाळी रिव्हिएर न्वारला येताना रस्त्यालगत एका गाडीवर गर्दी दिसली म्हणून मी गाडी थांबवायला लावली होती. तिथे ह्याला 'दॉल पुरी' म्हणतात: पातळ पोळी, आत वाटलेल्या डाळीचं कोरडं सारण, गूळ नसलेल्या पुरणपोळीसारखी. जोडीने मिळते, 'एं पेर' म्हणायचं. आत घेवड्याच्या बियांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून देतात. शेजारीच 'गातो पिमां' तळत होते; नाव फ्रेंच, वस्तू डाळवडा. डाळ भरड वाटलेली, कांद्याची पात, मिरची, कडेला कुरकुरीत, आत मऊ. मी सहा जोड्या आणि वीस वडे घेतले होते, 'कशाला एवढं, जेवण आहे ना बोटीवर' हे ऐकून घेत. दुपारी सुरूच्या झाडाखाली ह्यांनी गार झालेल्या तीन जोड्या खाल्ल्या आणि एकदाही मान वर केली नाही. विहीणबाईंनीही मासा बाजूला सारून वडेच घेतले.

मग गोड म्हणून केळी आली. सालासकट निखाऱ्यावर भाजलेली, चिरून, वर तपकिरी साखर, सुंदर वास. ह्यांनी दोन खाल्ली. तिसऱ्याला हात घातला तेव्हा विहीणबाईंनी आपली वाटी नाकाशी नेली, थांबल्या, आणि खलाशाला विचारलं, 'ह्यात काय आहे?' त्याने उत्साहाने बाटली वर करून दाखवली. रम. उसाचं राज्य, तिथे केळीवर रमच पडणार. हे काही बोलले नाहीत. तिसरं केळं ठेवून दिलं, पण सावकाश.

अकरानंतर कॅटामरान आल्या, लाउडस्पीकर आले, आणि किनारा जुहू झाला. आम्ही साडेबाराला जेवण आटोपून निघालो. तेही आपल्या मर्जीने.

ल मोर्न. डोंगर ५५६ मीटरचा, समुद्रात घुसलेल्या टोकावर एकटा उभा, कडे तुटलेले. सह्याद्री बघितलेल्याला उंचीचं काही वाटत नाही, पण पाण्यातून बघताना जागेवर खिळायला होतं. तांडेलाने दोन्ही इंजिनं बंद केली. इथे तो इंग्रजीसाठी अडखळला नाही, ही गोष्ट त्याने पुष्कळदा सांगितली असणार. मळ्यांतून पळालेले गुलाम ह्या डोंगरावर लपत. लोक असं सांगतात की १८३५ च्या १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपली, ते सांगायला शिपाई वर चढले, आणि पकडायला आले समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. डोंगर २००८ पासून जागतिक वारसा आहे आणि १ फेब्रुवारीला देशात सुट्टी असते.

दोनच दिवस आधी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघितला होता. १८३४ पासून तिथे हिंदुस्थानातून मजूर उतरवले गेले, त्यात मुंबई बंदरातून बोटीत बसलेली कोकण-देशावरची माणसंही. त्याच उसाच्या मळ्यांत. मी तांडेलाला विचारलं, तुझी माणसं कुठली? तो म्हणाला, आफ्रिका किंवा मादागास्कर, कागद नाही. खलाशाकडे आहे. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या जुन्या नोंदी जपल्यात. तिथून त्याच्या काकाने पणजोबांचा कागद काढला, त्यावर गाव, वय, अंगावरची खूण, जहाज. गावाचं नाव इंग्रजाने ऐकून लिहिलेलं, त्याला उच्चारता येईना. त्याने फोनवर फोटो दाखवला. माझ्या मते ते राजापूरकडचं एक गाव आहे, पण छातीठोक सांगितलं नाही. फोटो मागून घेतला आहे, हर्णैला कोणालातरी विचारीन.

परतीला वारा समोरून होता. ह्यांना बोट लागते, पण त्या दिवशी लागली नाही. श्रेय दालपुरीचं की रमचं, ह्यावर घरात मतभेद आहेत. तीनला पाच मिनिटं कमी असताना धक्क्याला लागलो. तांडेलाला आणि खलाशाला पाच-पाचशे हातात दिले, एजंटच्या माणसासमोर, मुद्दाम. खलाशाने स्वतःचा नंबर नातीच्या वहीत लिहून दिला आणि खाली देवनागरीत नाव, एकेक अक्षर जोखून. पुढच्या खेपेला टेबलवाल्याला मधे न घेता थेट त्यालाच कळवायचं ठरलंय. तुम्हीही धक्क्यावर जाऊन बोटवाल्यालाच गाठा. सकाळी सातच्या सुमारास ते तिथेच इंजिनं धूत असतात.

गुण द्यायचे तर बोट आणि माणसं पाचपैकी पाच, जेवण दोन, डॉल्फिन एक, एजंट अर्धा. पेट्रोलच्या दीड हजारांबद्दल मुलाने त्याला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, पैसे परत होणार नाहीत, पुढच्या वेळी दहा टक्के सवलत.

ह्यांना विचारलं, जायचं का पुन्हा? म्हणाले, 'जाऊ की. श्रावण संपल्यावर.'